पेटीतून दिलेला शब्द

पद: प्रॉम्प्टर, कायम. कार्यस्थळ: हाल्मरोडे नगर नाट्यगृह, रंगमंचाच्या पुढच्या कडेला फळ्यांखाली असलेली पेटी, प्रवेश तळघरातून, वाकून. कर्तव्य: नट अडल्यास पुढचा शब्द तत्काळ व अचूक पुरवणे. आवाज: पहिल्या रांगेच्या अलीकडे संपणारा. पोशाख: काळा. प्रेक्षकांना दिसणे: नाही. पडदा पडल्यावर अभिवादनाला येणे: नाही. जुनाट खोकला: नाही.

नगरपालिकेच्या लेखी इर्महिल्ड काटनर ही बाई एवढीच होती, आणि खरं सांगायचं तर आमच्या लेखीही फारशी जास्त नव्हती. नाट्यगृहात मी नाट्यसल्लागार होतो, म्हणजे मेलेल्या लेखकांची नाटकं कापून शेवटच्या बसच्या वेळेत बसवत होतो. काटनरबाईंशी माझं बोलणं बहुधा कँटीनच्या रांगेत व्हायचं. त्या मसुराचं सूप घ्यायच्या, सॉसेज नको म्हणायच्या आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठ भिंतीला लावून बसायच्या. पेटीत पाठ टेकायला काही नसे, त्याची भरपाई.

पेटीतून माणसं बुटांपासून सुरू होतात. काटनरबाई सगळ्यांना बुटांवरून ओळखत. "आज हार्म्सचं घरी भांडण झालंय, टाच आपटतेय," असं म्हणायच्या आणि ते खरं निघायचं. नट अडलाय की मुद्दाम थांबलाय, हे त्यांना त्याच्या श्वासावरून कळे. थांबलेल्याला शब्द दिला तर तो पडदा पडल्यावर पेटीवर लाथ मारतो, आणि अडलेल्याला दिला नाही तर तो उभ्या जागी मरतो. या दोन्हींच्या मधल्या फटीत काटनरबाईंचं आयुष्य गेलं.

त्या फटीत त्यांनी आणखीही एक गोष्ट जपून ठेवली होती. ती मला पुष्कळ नंतर कळली, त्यांच्याच तोंडून.

गोष्ट अठ्ठावन्न सालच्या शरद ऋतूतली. इर्महिल्ड तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिचा धाकटा भाऊ हेनिंग रंगमंचावर कामगार होता. उंच, लांब हातांचा, कायम तोंडात शिट्टी. नाट्यगृहात शिट्टी वाजवणं म्हणजे आगीला आवतण. कुणी वाजवली तर त्याला बाहेर काढून दारावर टकटक करायला लावतात आणि मग आत घेतात. वर सगळ्यांना बिअर पाजावी लागते ती वेगळी. हेनिंगचा अर्धा पगार त्या बिअरमध्ये जायचा. रंगमंचाच्या मधोमध तळघरात उघडणारी झडप होती, भुतंखेतं वर यायला आणि पापी खाली जायला. ती झडप हेनिंगच्या ताब्यात होती.

एका बुधवारी, तालमीच्या मधल्या सुट्टीत, ती उघडी राहिली. पोल नावाचा म्हातारा नट संवाद पुटपुटत मागे मागे सरकत आला आणि खाली गेला. संध्याकाळी इस्पितळात वारला.

"झडप कुणाकडे होती?" नाट्यगृहाच्या संचालकसाहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे," हेनिंग म्हणाला.

"बंद केली होतीस?"

"केली होती... म्हणजे, केलीच असणार." मग जरा वेळाने, "नसेन केली."

तिथेच सगळं संपलं. शिट्टी वाजवणारं पोर, त्याच्या हातून आणखी काय व्हायचं, असं लोक म्हणाले. हेनिंगलाही ते पटलं.

इर्महिल्डला मात्र ठाऊक होतं की त्याने झडप बंद केली होती. सुट्टीत ती पेटीतच बसून पाव खात होती. तिने बूट पाहिले होते: तपकिरी, डाव्या टाचेला नवं कातडं. ते बूट झडपेशी आले, झडप उचलली गेली आणि बूट शिडीवरून खाली उतरले, झडप तशीच उघडी ठेवून. तळघरातून कँटीनला जवळचा रस्ता होता आणि सुट्टी छोटी होती. एक घोट मद्यासाठी तेवढा वळसा कोण घालणार?

बूट एकार्ट थीसनचे होते. आमचा नायक. गावात त्याला नाही म्हणू शकेल अशी बाई तेव्हा नव्हती आणि याबाबतीत इर्महिल्डही गावाबाहेरची नव्हती.

त्याच संध्याकाळी तो पेटीपाशी आला आणि फळ्यांवर गुडघे टेकून खाली वाकला. एवढ्या जवळून त्याचा चेहरा तिने प्रथमच पाहिला.

"तू होतीस का आत?"

"होते."

"इर्महिल्ड, ऐक. शनिवारी पहिला प्रयोग आहे. आज मी बोललो तर प्रयोग बंद, आणि प्रयोग बंद म्हणजे अख्ख्या मंडळींचा हिवाळा उपाशी. शनिवारी पडदा पडू दे. पडला की मी स्वतः साहेबांकडे जातो. शब्द देतो तुला."

"हेनिंगला तरी सांगू का?"

"तो पोटात ठेवेल का? शिट्टीसुद्धा त्याला आत ठेवता येत नाही. तीनच दिवस तर आहेत."

ती बरं म्हणाली.

शुक्रवारी सकाळी हेनिंगने सायकल पुलाच्या कठड्याला नीट कुलूप लावून ठेवली आणि तो वेझर नदीत उतरला. शनिवारी ठरल्याप्रमाणे पहिला प्रयोग झाला. इर्महिल्ड पेटीत बसली होती, काळ्या कपड्यांत. कुणाला काही वेगळं वाटलं नाही, प्रॉम्प्टर नेहमीच काळं घालतात.

पडद्याबाहेर एकार्टला पुन्हा पुन्हा यावं लागलं, इतक्या टाळ्या पडल्या. मग तो फुलं घेऊन घरी गेला. सोमवारी तळघराच्या जिन्यात इर्महिल्डने त्याला अडवलं.

"गेला होतास?"

"कुठे?"

तिने वाट सोडली नाही.

"आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?" तो म्हणाला. "गेलेला परत येतो का?" आणि मग, अगदी मऊ आवाजात, "बुधवारी तूही गप्पच होतीस ना?"

यालाच म्हणतात मर्मावर बोट. ती बोलली असती तर गावाचा पहिला प्रश्न हाच असता. तिच्या आईचा तर नक्कीच. आई पुढे मरेपर्यंत दर नाताळात पोलच्या विधवेला मनुकांचा केक पाठवत राहिली, मुलाच्या पापापोटी. पोलची विधवाही तो दरवर्षी निमूट परत पाठवायची. परत आलेला केक काटनरांच्या घरी कुणी खात नसे. इर्महिल्ड तो नदीवर नेऊन बदकांना घालायची.

आता सूड. प्रॉम्प्टरकडे सूड घ्यायला काय असतं? सुरी नाही, विष नाही, चार शिव्या घालायला आवाजसुद्धा नाही. तिच्यापाशी एकच गोष्ट होती: पुढचा शब्द. तिने ठरवलं, की एक दिवस हा माणूस भरल्या नाट्यगृहात अडेल, माझ्याकडे बघेल, आणि मी देणार नाही. त्याने हेनिंगला जसं सोडलं तसं मी त्याला सोडेन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

योजना चोख होती. अडचण एकच होती. एकार्ट थीसन अडत नसे. त्याची स्मरणशक्ती राक्षसी होती. दुसरे नट आजारी पडले तर त्यांचेही संवाद तो म्हणून टाकायचा. वर्षामागून वर्षं इर्महिल्ड त्याच्या बुटांसमोर ओठ तयार ठेवून बसली. बाकी सगळ्यांना तिने शब्द दिले, शिकाऊंना, दारुड्यांना, सर्दी झालेल्या राण्यांना. एकालाच तिच्या शब्दाची गरज पडली नाही, आणि त्याच्याचसाठी ती तिथे बसली होती. ती बदली मागू शकली असती, लग्न करू शकली असती. एक सुतार दोन वर्षं विचारत होता. पण मग पेटीत कोण बसलं असतं?

तसे आम्ही सगळे त्यांना आदर्श सहकारी समजत होतो. "काटनरबाई आणि थीसन! सव्वीस वर्षांत एक वाकडा शब्द नाही," असं कुणीतरी म्हणायचंच. वाकडा नव्हताच. सरळही नव्हता.

चौऱ्याऐंशी साली आम्ही ती जुनी शोकांतिका घेतली. एका ड्यूकने जमिनीसाठी आपल्या आश्रयाला असलेल्या तरुण लुडोल्फला मारलंय. लुडोल्फची विधवा नाव बदलून त्याच ड्यूकच्या घरी मोलकरीण होऊन राहते आणि वर्षानुवर्षं संधीची वाट बघते. चौथ्या अंकात ड्यूक देवघरात गुडघे टेकून पश्चात्ताप करू लागतो. विधवा सुरी घेऊन मागे उभी. ती थांबते ती एवढ्याचसाठी, की त्याने एकदा आपल्या तोंडाने नाव घ्यावं, आपण कुणाला मारलं त्याचं. एकार्ट ड्यूक होता आणि सिबिले हार्म्स विधवा.

तालमींत एकार्ट अडू लागला.

आधी जरासा. मग रोज. साठीचा माणूस, मोठी भूमिका, आम्ही मनावर घेतलं नाही. "म्हणजे एकार्ट माणूसच आहे तर! मला शंका होती," हार्म्स म्हणाली. सगळे हसले, तोही हसला. तालमीत इर्महिल्ड त्याला प्रत्येक शब्द देत होती, तत्काळ आणि अचूक. तालीम रिकाम्या खुर्च्यांसमोर होते. एवढी वर्षं राखलेली ठेव ती रिकाम्या खुर्च्यांसाठी मोडणार नव्हती.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी आमच्याकडे एक रीत कडक पाळतात. प्रत्येकजण प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं करतो आणि म्हणतो, "तोय, तोय, तोय." म्हणजे काम चांगलं होऊ दे. त्यावर धन्यवाद म्हणायचं नाही. म्हटलं की शुभेच्छा उलटते. शिकाऊ पोराला संवादांच्या आधी हे शिकवतात. देवाला न मानणारे नटसुद्धा यापुढे जीभ चावतात.

पडद्यामागे हे थुंकणं चाललं होतं. पहिली घंटा झाली होती. एकार्ट, ड्यूकच्या जड झग्यात, रंगमंचाच्या पुढच्या कडेला आला आणि कष्टाने गुडघे टेकून पेटीपाशी वाकला. सव्वीस वर्षांत तो तिथे वाकला नव्हता. रंगमंच व्यवस्थापक मागडा रोलोफ आणि मी विंगेत उभे होतो.

इर्महिल्डला म्हणणं भाग होतं. रीत ती रीत. "तोय, तोय, तोय," ती म्हणाली.

"धन्यवाद, इर्महिल्ड," एकार्ट म्हणाला. स्वच्छ, मोठ्याने.

रोलोफबाईंनी माझं मनगट पकडलं. "अरे देवा! हा धन्यवाद म्हणाला! थीसन, अहो, शुद्धीत आहात का? तीन वेळा थुंका, लाकूड ठोका, काहीतरी करा!"

तो रोलोफबाईंकडे बघून गोड हसला आणि निघून गेला.

आम्हाला वाटलं, अपशकुन झाला. इर्महिल्डला वाटलं ते निराळं. थीसनसारखा मुरलेला नट चुकून धन्यवाद म्हणेल? शक्य नाही. तो मुद्दाम म्हणाला. गप्प राहिल्याबद्दल माझे आभार मानले! हेनिंगच्या हाडांवर उभा राहून, गुडघे टेकून, झगा घालून आभार! "तोंडात रक्ताची चव आली," त्या मला म्हणाल्या. "तेव्हा ठरलं. आज अडला तर आजच."

चौथा अंक. देवघर. ड्यूक पेटीच्या अगदी समोर गुडघे टेकून बसला, हार्म्स मागे सुरी घेऊन. त्याने स्वगत सुरू केलं आणि ते सुंदर चाललं होतं. मग तो नावापाशी आला. ज्याला मी मारलं तो, असं म्हणाला. आणि थांबला.

थांबला नव्हता. अडला होता. श्वास अर्ध्यात होता.

इर्महिल्डने ओठ मिटले.

नाट्यगृहात अशी शांतता पडली की विंगेत मला दिव्यांची गुणगुण ऐकू येऊ लागली. रोलोफबाई दातांतून पुटपुटत होत्या, "बाई, द्या ना शब्द. द्या ना. काटनरबाई झोपल्या का?" एकार्टने मान खाली केली आणि पेटीत बघितलं.

या चेहऱ्याची ती इतकी वर्षं वाट बघत होती. त्यावर भीती असेल, ओळख असेल, विनवणी असेल, असं तिने धरलं होतं. यातलं काहीच नव्हतं. बसथांब्यावर पहिल्यांदाच एकटं सोडलेलं मूल जसं कुणाही मोठ्या माणसाकडे बघतं, तसा तो बघत होता.

मौन पुरलं नाही. तिचे ओठ उघडले आणि तिने शब्द दिला. लुडोल्फ नव्हे.

"हेनिंग."

"हेनिंग!" एकार्ट म्हणाला. त्या प्रसिद्ध आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत. "हेनिंग, ज्याला मी मारलं."

आणि त्याच्या चेहऱ्यावर रेघसुद्धा उमटली नाही. शब्द मिळाल्याचं समाधान तेवढं होतं. तो पुढच्या शब्दासाठी पुन्हा तिच्याकडे बघत राहिला, आज्ञाधारकपणे.

तेव्हा तिला धन्यवादाचा अर्थ कळला. त्यात काही नव्हतं. धन्यवाद म्हणायचं नसतं हे तो विसरला होता, आणि हेनिंगलाही विसरला होता, आणि कधी विसरला ते आता कुणालाच, त्यालाही, सांगता येणार नव्हतं. बुधवार, झडप, जिना, सगळं त्याने कुठेतरी खाली ठेवलं आणि हात मोकळे करून तो पुढे गेला होता. दोघांनी मिळून उचललेलं ओझं आता तिच्या एकटीकडे होतं.

तिने पुढची ओळ दिली. मग त्यापुढची. स्वगत संपेपर्यंत ती सांगत गेली आणि तो म्हणत गेला, तुकड्या-तुकड्याने. मी विंगेतून पाहिलं, पहिल्या रांगेतली एक बाई हातमोज्याने डोळे पुसत होती. वर्तमानपत्राने लिहिलं की थीसन यांच्या ड्यूकच्या तोंडून प्रत्येक शब्द जणू जमिनीतून उपटून निघत होता. जमिनीतूनच निघत होता. नावातला बदल कुणाच्या लक्षात आला नाही. प्रेक्षक एवढ्या मन लावून ऐकत नाहीत.

रोलोफबाईंनी तेवढं विचारलं. "बाई, हेनिंग कोण हो? आपल्या नाटकात हेनिंग कुठे आहे?"

"चुकलं माझं," काटनरबाई म्हणाल्या.

त्या हंगामातले उरलेले सगळे प्रयोग असेच झाले: ती सांगे, तो म्हणे. मग एकार्टला नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात ठेवलं. बायका दोन होत्या, त्या दोन शहरांत होत्या. आमच्यापैकी पहिल्या हिवाळ्यात बरेचजण भेटायला गेले, दुसऱ्या हिवाळ्यात हार्म्स एकदा. काटनरबाई दर मंगळवारी जात राहिल्या, हातात केकचा पुडा.

पहिल्या काही मंगळवारी त्यांनी त्याला सांगितलं. सगळं, बुटांपासून पुलापर्यंत.

तो मन लावून ऐकत असे. "अरेरे! पोरगा किती वर्षांचा होता?"

"चोवीस."

"आणि झडप उघडी ठेवली कुणी?"

"तू."

मग तो रडत असे. नाटकातलं रडणं नव्हे. नाक गळायचं, हुंदक्यांनी खुर्ची हलायची, परिचारिका धावत यायची. आणि पुढच्या मंगळवारी केक बघून आनंदाने म्हणायचा, "या, या! आपण कोण?"

म्हणजे बघा, जे जगातल्या कुठल्याही सूड घेणाऱ्याला मिळत नाही ते त्यांना मिळालं होतं. दर आठवड्याला नवा कोरा गुन्हेगार, पहिल्यांदाच ऐकणारा, पहिल्यांदाच मोडून पडणारा. मरेपर्यंत पुरला असता.

"मग सांगणं का सोडलंत?" मी विचारलं. आम्ही कँटीनमध्ये होतो. त्यांचं सूप गार झालं होतं.

"अहो, रडताना तो मला विचारायचा, 'आणि तुम्हाला हे माहीत होतं?' दर वेळी विचारायचा. दर वेळी मला हो म्हणावं लागायचं." त्यांनी चमचा खाली ठेवला. "त्याला पुढच्या मंगळवारी आठवायचं नाही. मला आठवायचं."

नव्वद साली काटनरबाई निवृत्त झाल्या. पेटी फळ्या ठोकून बंद केली. नव्या दिग्दर्शकांना तिथे दिवे हवे होते. महापौरांच्या सहीचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते मीच वाचून दाखवलं. श्रीमती इर्महिल्ड काटनर यांनी प्रदीर्घ सेवाकाळात आपले कर्तव्य तत्परतेने व निष्ठेने पार पाडले असून, त्यांच्याकडून एकदाही चुकीचा शब्द दिला गेल्याची नोंद नाही. टाळ्या पडल्या. त्या अभिवादनाला उठल्या नाहीत, सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. त्यांच्यासोबत मीही गेलो. एकार्ट खिडकीशी बसला होता. डोक्यात काय कुठून वर आलं कोण जाणे, त्याने एकदम त्यांच्याकडे वळून विचारलं, "तुझा तो उंच भाऊ गं, शिट्टी वाजवणारा. कसा आहे?"

काटनरबाईंनी केकच्या पुड्याची दोरी सोडली.

"बरा आहे," त्या म्हणाल्या. "अजून वाजवतो."